फुगवणं सोपं, सुटणार कसं ते सांगा

कारखान्यातली उत्तरं : वाचकांचे प्रश्न

या खेपेला चार पत्रं एकाच विषयावर आली, म्हणून बाकीची पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवली. विषय आहे एक्स्पान्शन मॅन्ड्रेल. ज्यांचा लेथशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लेथचा चक जॉबला, म्हणजे घडवायच्या भागाला, बाहेरून धरतो, तर मॅन्ड्रेल बोअरमध्ये, म्हणजे जॉबच्या आतल्या भोकात, शिरून आतून फुगतो आणि धरतो. त्यामुळे बाहेरचं सगळं अंग एका सेटिंगमध्ये मोकळं मिळतं आणि बाहेरचा व्यास बोअरशी एककेंद्री येतो. आत बहुतेक वेळा एक टेपर, म्हणजे निमुळता दांडा, असतो, त्यावर खाचा पाडलेली स्लीव्ह, म्हणजे नळी. दोघांपैकी एक ओढला की स्लीव्ह फुगते. तो ओढायचा कसा, बोल्टने, हवेने, तेलाने की स्प्रिंगने, हेच चौघांनी विचारलं आहे.

प्रश्न : आम्ही डिझेल इंजिनाचे बिडाचे लायनर (ब्लॉकमध्ये बसणाऱ्या नळ्या) करतो. बोअर ८० मिमी, बाहेरचा व्यास ९४. सीएनसी लेथवर मॅन्ड्रेल लावून बाहेरून टर्निंग करतो. मॅन्ड्रेलच्या पुढे एम-२० चा नट आहे, तो ऑपरेटर पान्याने आवळतो. मायक्रोमीटरने व्यास बरोबर येतो, पण गिऱ्हाईक म्हणतो लायनर ब्लॉकमध्ये अडकतो. शिवाय काम झाल्यावर स्लीव्ह टेपरवरून निघत नाही, हातोडी मारावी लागते. पकड कमी पडते की काय म्हणून हायड्रॉलिक सिलिंडर लावायचा विचार आहे. लावावा का?
— एक कारखानदार, शिरोली

उत्तर : तुमची पकड कमी पडत नाही हो, ती निदान आठपट जास्त आहे. हिशेब करून दाखवतो. मी न्यूटनमध्ये नाही, किलोत बोलतो, सवय तीच आहे.

तुम्ही पत्रात दीड मिमी कट आणि ०.२५ फीड (दर फेऱ्याला टूल जितके मिमी सरकतं ते) लिहिली आहे. बिडाला एवढ्या कटाला टूलवर साधारण ४५ किलो जोर येतो. तो ४८ मिमी त्रिज्येवर लागतो आणि आपण धरतो ४० मिमी त्रिज्येवर, म्हणजे बोअरपाशी ५४ किलो. अडीचपट सुरक्षितता धरली की १३५. तेल लागलेल्या लोखंडावर बीड, घर्षण ०.१२ धरू. म्हणजे स्लीव्हने बोअरवर एकूण सव्वाअकराशे किलोच्या आसपास दाबलं पाहिजे. टेपर एका बाजूला ८ अंशांचा असेल तर एवढ्या दाबासाठी ओढ लागते फक्त तीनशे किलो.

आता तुमचा ऑपरेटर काय करतो ते बघा. ४० सेंटिमीटरचा पाना, त्यावर २५ किलोचा झटका, एम-२० ची आटी. ओढ निघते अडीच टन. तीनशेच्या जागी अडीच हजार! आणि हा झाला सकाळचा ऑपरेटर. रात्रपाळीचा पोरगा पान्यात पाइप घालत असेल तर त्याचा हिशेब मी करत नाही.

सात मिमी जाडीचा लायनर आतून एवढ्या जोराने दाबला की तो स्लीव्हच्या तुकड्यांचा आकार घेतो. तुमच्या स्लीव्हला तीन खाचा आहेत असं चित्रावरून दिसतं. म्हणजे लायनर तीन ठिकाणी बाहेर ढकलला जातो, टूल ती तीन टेकाडं सपाट करतो, आणि नट सोडला की लायनर मागे येतो. मॅन्ड्रेलवर गोल, हातात आला की तिकोनी. यातली खोच अशी की मायक्रोमीटरला हे दिसत नाही. तो समोरासमोरचे दोन बिंदू मोजतो, आणि तिकोनी आकारात एका बाजूच्या टेकाडासमोर दुसऱ्या बाजूचा खड्डा येतो. व्यास सगळीकडे सारखाच भरतो. लायनर व्ही-ब्लॉकवर (व्ही खाचेच्या ठोकळ्यावर) ठेवा, वर डायल गेज लावा आणि हळू फिरवा. काटा एका फेऱ्यात तीनदा वर-खाली झाला तर गिऱ्हाइकाशी भांडू नका.

आता स्लीव्ह अडकते त्याचं. तुम्ही टेपर एका बाजूला ३ अंश ठेवला आहे. असा बारीक टेपर स्वतःच धरून बसतो, सोडत नाही. टेलस्टॉकमधला (लेथच्या मागच्या आधारातला) मोर्स टेपर आठवा. त्याचे दोन्ही बाजू मिळून जेमतेम ३ अंश. ड्रिल नुसतं हाताने आत ठोकलं तरी बसतं आणि काढायला ड्रिफ्ट (पाचर) लागते. उलट व्हीएमसीच्या (उभ्या सीएनसी मिलिंग मशीनच्या) टूल होल्डरचा टेपर दोन्ही बाजू मिळून साडेसोळा अंशांच्या जरा वर आहे. तो ड्रॉबार (मागून ओढून धरणारा दांडा) सोडला की आपण होऊन सुटतो. सीमा कुठे आहे? घर्षण ०.१२ म्हणजे कोनात जवळजवळ ७ अंश. एका बाजूचा टेपर याच्या आत असेल तर अडकणार, बाहेर असेल तर सुटणार.

हा धडा मी १९८४ साली उद्यमनगरात शिकलो, फुकट नाही. टूलरूममध्ये नवा होतो. पकड घट्ट हवी म्हणून एका बाजूला दीड अंशाचा टेपर काढला, हार्ड केला, आरशासारखा ग्राइंड केला आणि मिरवत शॉपवर नेऊन दिला. पहिला जॉब झाला. स्लीव्ह निघेना. मिस्त्रींनी दोन टोले मारले, मी चार मारले, पाचव्याला खाचेच्या मुळाशी स्लीव्ह तडकली. मिस्त्री म्हणाले, "धरायचं शिकलास, आता सोडायचं शीक." त्यांनी तडकलेल्या स्लीव्हसाठी नाही, पण ग्राइंडिंगला लागलेल्या दोन दिवसांसाठी शिव्या दिल्या. तेव्हापासून कुणीही मॅन्ड्रेलचं ड्रॉइंग घेऊन आला की मी आधी एकच विचारतो : सुटणार कसा?

हाताने आवळायचा मॅन्ड्रेल असेल तर टेपर अडकणाराच ठेवावा, एका बाजूला ४ ते ५ अंश, म्हणजे चालू कामात ढिला होत नाही. पण मग सोडवणारी सोय आवळणाऱ्या बोल्टमध्येच करायची. बोल्टला मधे एक कॉलर ठेवा आणि कॉलरच्या पुढे स्लीव्हला स्क्रूने जोडलेली एक चकती. आवळताना बोल्ट स्लीव्हला टेपरवर ढकलतो. उलटा फिरवला की कॉलर चकतीला मागून रेटते आणि स्लीव्ह खेचून काढते. हातोडीची गरज संपली. दोन तासांचं टर्निंगचं काम आहे, आणि हे न करता लोक तीस वर्षं स्लीव्ह ठोकत बसतात.

तुम्ही मात्र पाळीला दीडशे नग काढता. दीडशे वेळा पाना फिरवणं बंदच करा. पण त्यासाठी स्पिंडलच्या (जॉब फिरवणाऱ्या मुख्य दांड्याच्या) मागे नवा फिरता सिलिंडर घ्यायची गरज नाही. तुमच्या लेथला हायड्रॉलिक टेलस्टॉक आहे ना? तोच तुमचा सिलिंडर. स्पिंडलकडे एक टेपर पक्का बसवा, टेलस्टॉककडे दुसरा सरकता टेपर ठेवा, आणि स्लीव्हला दोन्ही टोकांना आतून टेपर द्या. टेलस्टॉकचा रिव्हॉल्व्हिंग सेंटर (फिरतं टोक) सरकत्या टेपरला रेटतो, दोन्ही टोकं एकदम फुगतात. लायनर लांब असतो, एकाच टोकाला फुगवला तर दुसरं टोक डोलतं, तोही प्रश्न मिटतो. क्विलचा (टेलस्टॉकच्या सरकत्या भागाचा) पिस्टन ८० मिमीचा असेल तर क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटर, ८ बारला चारशे किलो. पुरे झालं. प्रेशर वाढवायचा मोह झाला तर वरचा हिशेब पुन्हा वाचा.

टेपर ८ अंश ठेवा आणि दोन टेपरांच्या मधे एक साधी स्प्रिंग घाला. क्विल मागे गेली की स्प्रिंग सरकत्या टेपरला बाहेर टाकते. खाचा तीन नकोत. एका टोकाकडून सहा आणि दुसऱ्या टोकाकडून सहा, एकाआड एक, वायर-कटने. अशी स्लीव्ह समांतर फुगते आणि लायनरला टेकाडं येत नाहीत. स्लीव्ह ०.१ मिमी फुगायला ८ अंशांच्या टेपरवर साधारण ०.३६ मिमी सरकते, आणि या रचनेत ती हेडस्टॉककडे, म्हणजे स्पिंडलच्या बाजूला, सरकते. म्हणजे लायनरची कॉलर स्टॉपरवर खेचली जाऊन बसते. हे फायद्याचं आहे. ज्या कामात जॉब अजिबात हलायला नको, तिथे उलट करतात. स्लीव्ह जागेवर अडवतात आणि मधला टेपर ओढतात. बोल्ट की तेल हे ठरवण्याआधी कोण हलणार हे ठरवायचं असतं, पण बहुतेक ड्रॉइंगवर त्याचा उल्लेखही नसतो.

दोन गोष्टी राहिल्या. बिडाचा चुरा खाचांत जाऊन बसतो आणि स्लीव्ह मिटत नाही. खाचांत सिलिकॉन भरा. आणि टेलस्टॉकच्या लाइनवर प्रेशर स्विच हवाच. प्रेशर पडलं तर स्पिंडल थांबलं पाहिजे, कारण ८ अंशांचा टेपर जसा सहज सुटतो तसा नको तेव्हाही सुटतो.

प्रश्न : माझ्याकडे एकच जुना लेथ आहे. पंपाच्या गनमेटल बुशा करतो, बोअर ३८, लांबी ३०. महिन्याला बारा-पंधरा नग. तयार मॅन्ड्रेल परवडत नाही. घरच्या घरी फुगणारं काही करता येईल का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : येईल, आणि माझ्या मते बारा नगांसाठी तेच सगळ्यात नेमकं होईल. ४५ चा अ‍ॅल्युमिनियमचा बार घ्या, चकमध्ये धरा, ६० मिमी बाहेर ठेवा. पुढून ड्रिल करून अर्ध्या इंची पाइपाचा टेपर टॅप मारा आणि हार्डवेअरच्या दुकानातला पाइपाचा टेपर आटीचा प्लग आणा. हा आटीचा टेपर १६ मध्ये १ असतो, म्हणजे तुमचा फुगवणारा टेपर बाजारातच तयार मिळतो.

आता क्रम सांभाळा, इथेच सगळे चुकतात. आधी हॅकसॉने दोन उभे काप मारून चार पाकळ्या करा, ४५ मिमी खोल. मग प्लग हाताने टेकेल इतकाच आवळा. मग बाहेरून ३८ पेक्षा मिमीचे दोन शतांश कमी टर्न करा. आधी टर्न करून नंतर कापलात तर कापताना बारमधला ताण सुटतो, पाकळ्या हव्या तशा उघडतात आणि केलेलं टर्निंग वाया जातं. कापांवरून टूल ठकठक करेल, करू दे, कट हलका ठेवा. बर (कापाच्या कडेचे कंगोरे) साफ करा. बुश सरकवा, प्लग पाव फेरा आवळा, झालं.

आणि तो बार चकमधून काढू नका! काढला की एककेंद्रीपणा गेला. बाराही बुशा एका बैठकीत करा. पुढच्या महिन्यात तोच बार पुन्हा धरून अर्धा मिमी लहान बोअरसाठी टर्न करता येतो. माझ्याकडे असा एक बार होता, ४५ पासून उतरत उतरत शेवटी २६ वर येऊन संपला.

टेपर टॅप नसेल तर लोक सीएसके (शंकूसारख्या डोक्याचा) अ‍ॅलन स्क्रू वापरतात. चालतो, पण त्याच्या डोक्याचा कोन ९० अंशांचा. शंभर किलो ओढ दिली तर बाहेर जेमतेम ऐंशी किलोच दाब मिळतो, आणि बारीक टेपरवर तेवढ्याच ओढीला कितीतरी पट मिळतो. हलक्या पॉलिशच्या कामाला स्क्रू ठीक. सुटतो मात्र क्षणात, हे त्याचं पुण्य.

जुने टर्नर याहून सोपं एक करायचे. सरळ मॅन्ड्रेलवर एक सपाट पट्टा काढायचा आणि त्यात एक छोटी पिन मॅन्ड्रेलच्या लांबीच्या दिशेत ठेवायची. टूलचा जोर आला की पिन पट्ट्याच्या कडेकडे गडगडते आणि बोअरला आवळून धरते. कट जितका जास्त तितकी पकड जास्त, आवळायला कुणी नको. पण जॉब एका बाजूला ढकलला जातो, म्हणून रफिंगपुरतंच, म्हणजे पहिल्या ढोबळ कटापुरतंच.

प्रश्न : गिअर ब्लँकच्या हॉबिंगला (कोऱ्या चकतीवर हॉब नावाच्या कटरने दात पाडायला) न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या, सिलिंडरने मॅन्ड्रेल ओढतो. सिलिंडर १०० मिमीचा, लाइन ६ बारची. संध्याकाळच्या सुमारास एखादा ब्लँक सरकतो आणि हॉबचे दात जातात. सिलिंडर मोठा करू का?
— एक मेन्टेनन्स सुपरवायझर, चाकण

उत्तर : संध्याकाळीच का, याचं उत्तर तुमच्या कॉम्प्रेसरच्या गेजवर आहे. पाच वाजता गेजसमोर उभे राहा. शेजारी ब्लास्टिंग किंवा पेंटिंग सुरू होत असेल आणि तुमची लाइन ४ बारवर येत असेल. तुमच्या सिलिंडरचा रॉड ३५ मिमीचा आहे, आणि ओढण्याच्या बाजूला रॉडची जागा वजा होते. ६ बारला ओढ मिळते सव्वाचारशे किलोच्या आत, ४ बारला पावणेतीनशे ते दोनशे ऐंशी. सिलिंडर मोठा केला तरी हवा कमी झाली की प्रमाण तेच राहणार. आणि लाइट गेली तर?

म्हणून हॉबिंगला माझी पसंती उलट्या रचनेला आहे. धरायचं स्प्रिंगने, सोडायचं प्रेशरने. व्हीएमसीच्या स्पिंडलमध्ये टूल असाच धरलेला असतो. आत डिस्क स्प्रिंगांची चळत ड्रॉबारला कायम ओढत असते, टूल काढायचा तेव्हाच सिलिंडर ती दाबतो. लाइट जावो, हवा जावो, पकड जागेवर राहते.

डिस्क स्प्रिंग म्हणजे बशीसारखी वाकलेली जाड चकती. एकीत एक अशा बशा रचल्या तर जोर वाढतो, तोंडाला तोंड लावून उलटसुलट रचल्या तर स्ट्रोक वाढतो. तुम्हाला दोन्ही हवं, म्हणून दोन-दोनच्या जोड्या उलटसुलट. मधून हार्ड केलेला गाइड रॉड आणि भरपूर ग्रीस, नाहीतर बशा एकमेकींवर घासून लवकर तुटतात. एखादी तुटली तरी बाकीच्या धरून ठेवतात, पण सुट्टीच्या दिवशी चळत काढून बघायची सवय ठेवा.

यात एक अडचण येईल, ती आधीच सांगतो. चारशे किलोची स्प्रिंग सोडवताना आणखी दाबली जाते, तेव्हा तिचा जोर पाचशेच्या वर जातो. तुमचा १०० चा सिलिंडर ६ बारला ढकलण्याच्या बाजूनेही ४८० किलोच्या पुढे जात नाही. म्हणजे धरेल छान, सोडणार नाही. तिथे छोटा हायड्रॉलिक पॅक किंवा हवेवर चालणारा बूस्टर लागेल. तो लावलात की टेपर ८ अंशांचा करायला विसरू नका. अडकणारा टेपर आणि वर स्प्रिंग, म्हणजे दोन कुलपं आणि किल्ली एकाचीच.

प्रश्न : तपासणीसाठी तेल भरलेला हायड्रॉलिक मॅन्ड्रेल आणला, ४० मिमीचा. अ‍ॅप्रेंटिसने जॉब न घालताच स्क्रू आवळला. आता तो बोअरमध्ये जात नाही. दुरुस्त होईल का?
— एक वाचक, अंबड, नाशिक

उत्तर : बहुधा नाही. या जातीत टेपर नसतो. पातळ स्लीव्हच्या मागे तेल कोंडलेलं असतं, बाजूचा स्क्रू पिस्टनला आत ढकलतो आणि स्लीव्ह चारही बाजूंनी सारखी फुगते. रनआउट (फिरताना होणारं डोलणं) तीन-चार मायक्रॉनपर्यंत मिळतो, खाचा नसल्याने चुरा आत जात नाही, आणि स्क्रू सोडला की स्लीव्ह स्वतःच मागे येते. सुटण्याच्या बाबतीत याच्यासारखा गुणी कोणी नाही. पण फुगणं अगदी थोडं, ४० मिमीला ढोबळमानाने ०.१ मिमी. त्यापुढे जायला बोअर अडवतो. बोअरच नसेल तर स्लीव्ह तिच्या लवचिकतेपलीकडे ताणली जाते आणि मग मागे येत नाही. तुमच्याकडे तेच झालं आहे.

पोराला रागावू नका, मॅन्ड्रेलच्या पेटीवर ठळक अक्षरांत "जॉबशिवाय आवळू नये" लिहून चिकटवा. मीही एक असाच घालवला आहे, आणि तेव्हा मी अ‍ॅप्रेंटिस नव्हतो.

एक शक्यता तपासा. स्क्रू पूर्ण सोडा, रात्रभर तसाच ठेवा, सकाळी स्लीव्ह तीन ठिकाणी मोजा. सगळीकडे सारखीच एक-दोन शतांशाने मोठी असेल तर बनवणाऱ्याकडे परत ग्राइंड करून मिळते का विचारा. मधेच फुगली असेल तर खर्च करू नका. नवीन घेण्याआधी तुमच्या बोअरचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) बघा. एच-७ म्हणजे ४० ला २५ मायक्रॉन, तिथे हा उत्तम. पण ड्रिल केलेल्या बोअरला हा मॅन्ड्रेल पुरणार नाही, तिथे खाचांची स्लीव्ह आणि टेपरच लागेल. तुमचे बोअर ग्राइंड केलेले आहेत की रीमरचे, ते पत्रात नाही. कळवा, मग कुठला घ्यायचा ते सांगतो.